डावीकडे फिरवलेलं बटण

आमच्या इंदिरानगरच्या घरी नवा टीव्ही बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडायला आलेल्या त्या मेकॅनिकचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलण्यावरून सटाण्याकडचा वाटला.

जोडणी झाली, पण उजवा स्पीकर मुकाच. "तो वर्षानुवर्षं बंद आहे, भंगारात देऊ," मी म्हणालो. बाबा होते तेव्हा त्यावरून मी त्यांना किती टोमणे मारायचो! ते नुसते हसायचे.

मेकॅनिकनं पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरींना टेकवला, जाळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. आतून खर्र झालं.

"जिवंत हाय!"

मग ॲम्प्लिफायरवरची धूळ पुसताना तो थांबला. दोन्ही स्पीकरमध्ये आवाज वाटून देणारं बॅलन्सचं बटण पार डावीकडे फिरवलेलं होतं.

"उजवीकडे कोण बसायचं, भाऊ?"

"आई. बाबा मॅच बघायचे तेव्हा ती तिथंच दिवाणावर झोपायची."

"मग हा बिघाड नाय. त्यांची झोपमोड होऊ दिली नाय कुणीतरी."

बटणाकडे नेलेलं बोट त्यानं मागं घेतलं आणि दिवाणावर बसलेल्या आईला म्हणाला, "तुम्हीच करा सरळ, मावशी."

आईनं बटणाकडे पाहिलं.

"असू दे तसंच," ती म्हणाली. "मी अजून इथंच झोपते."