शीळफाट्याहून ठाकुर्लीमार्गे

चाचांना सरळ बोलता यायचं नाही. लग्नाच्या पंगतीत वरण चाखून म्हणायचे, "छान आहे, आजाऱ्याला चालेल." मूळचे दापोलीकडचे, ठाकुर्लीला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे, आणि मराठी आमच्याहून झणझणीत.

"महिनाभर रोजे धरून काय मिळतं हो?" असं मी एकदा, फार मोठा विचारवंत असल्याच्या थाटात, विचारलं होतं. "तुझ्यासारख्यांचं ऐकून घ्यायची ताकद," चाचा म्हणाले.

रमजान ईदच्या नमाजाला जायचं एका वाटेने आणि परतायचं दुसऱ्या, म्हणजे जास्त माणसं भेटतात, अशी त्यांच्यात रीत. चाचांची परतीची वाट आमच्या तिसऱ्या मजल्यावरून जायची. माझ्या वडिलांना, अण्णांना, तीनदा गळाभेट दिली की त्यांची ईद सुरू व्हायची.

मग जिन्याखाली स्कूटर कुणी लावायची, या जागतिक प्रश्नावरून दोघांचं बिनसलं. अण्णा तत्त्वाचे पक्के, त्यांनी बोलणंच टाकलं. तरी ईदला बेल वाजलीच. "तुमच्याकडे आलेलो नाही," चाचा म्हणाले, "वाट बदलायची असते, ती इथून जाते." अण्णांनी मुकाट्याने गळाभेट घेतली आणि तत्त्व सांभाळत पुन्हा पेपर उघडला.

पुढे चाचा मुलाकडे शीळफाट्याला राहायला गेले. मशीद तिथे, घरही तिथे, आणि परतीची वाट ठाकुर्लीवरून! रिक्षा करून यायचे. अण्णांनी चार वर्षं एक शब्द काढला नाही. मला दोघांचाही राग यायचा.

यंदा ईदला बेल वाजली नाही. अण्णांच्या गॅलरीत खेपा सुरू झाल्या. मी फोन केला, तर चाचा अंथरुणाला खिळलेले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. "दूध आणतो."

"दूध आलंय, अण्णा."

"तिकडचं चांगलं असतं."

मीही सोबत गेलो. चाचांनी मान वळवली. "अण्णा, इकडे कुठे?"

"दुधाला निघालेलो. वाट बदलली," अण्णा म्हणाले आणि खाटेवर वाकून तीनदा गळ्यात पडले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण मला रडू येत होतं.

बकरी ईदपर्यंत चाचा राहिले नाहीत. त्या ईदच्या सकाळी अण्णा पुन्हा दुधाला म्हणून निघाले ते दुपारी, पिशवी रिकामीच घेऊन, परतले. कबरस्तानात गेलो होतो म्हणाले, येताना दुसऱ्या रस्त्याने आलो.