रेगेंच्या रेकॉर्ड मिळतील

एक किस्सा सांगून थांबायचं, हे आमच्यातल्या एकालाही जमत नाही. मी सुरू केला की हशूभाई मध्ये तोंड घालतो, त्याचा संपायच्या आत वंदनाताई म्हणतात, "अरे, ते मधलं नाय सांगितलंस!" आणि चहा गार होतो. आता इतके किस्से साठलेत, की नवीन माणूस भेटला की आम्ही आधी त्याला खुर्ची देतो.

तर बसा.

मी म्हात्रे. राहायला बदलापूर, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत. आमच्या कंपनीत परदेशातलं प्लास्टिकचं भंगार येतं, ते ग्राइंडरमध्ये दळतात आणि त्याचे चपलांचे सोल करतात. मी स्टोअर सांभाळतो. एकदा कंटेनर उघडला तर गोण्याच्या गोण्या भरून जुन्या रेकॉर्ड! आता दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता. मला चौकशी केल्याशिवाय अन्न पचत नाही. साहेबांना विचारून भंगाराच्या भावात थोड्या गोण्या उचलल्या आणि थेट उल्हासनगर कॅम्प तीनला हशूभाईकडे गेलो.

हशूभाईचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. पण पोटमाळ्यावर त्याच्या वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर अजून चालू. एक रेकॉर्ड लावली. ढब्... ढब्... मध्येच एक चॅक. पुन्हा ढब्... ढब्.

हशूभाई कान देऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हात्रे, ये गाना है, की खाली कुणाची मशीन बिघडली?"

खालून वंदनाताई वर आल्या. ह्या कुळगावच्या भोईर. कारखान्यात धागे कापणाऱ्या बायका यांच्या हाताखाली. त्या म्हणाल्या, "शेठ, बंद करू नका. बायकांचे हात बघा कसे चाललेत!"

तेव्हापासून ते गाणं बंद झालेलं नाही.

* * *

हे रेगे. जमैकाचं संगीत. मी नेटवर शोधाशोध केली आणि चक्रावलोच. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, जपान, जिकडे बघावं तिकडे माणसं या रेकॉर्डसाठी वेडी झालेली. त्याच गाण्याची नवीन कोरी रेकॉर्ड दुकानात मिळते, ती नको! जुनीच पाहिजे. खरखरणारी चालेल. लेबल वाकडं चिकटलेलं असेल तर सोन्याहून पिवळं!

हशूभाई हळहळला. "आपल्याकडे लेबल वाकडं लागलं तर अख्खा माल परत येतो. मैं गलत धंदे में पैदा हुआ!"

आम्ही फोटो काढून विकायला नेटवर टाकले. लंडनहून पहिला मेसेज आला: "इज इट ओरिजिनल प्रेसिंग?" म्हणजे रेकॉर्ड पहिल्यांदा छापली तेव्हाचीच आहे का, असं त्याला विचारायचं होतं. हे आम्हाला आज कळतं.

कॅम्प तीनमध्ये प्रेसिंग म्हणजे इस्त्री. हशूभाईने लगेच टाइप केलं, "नो प्रेसिंग डन. बट डोन्ट वरी. वुई हॅव स्टीम प्रेस. वुई विल प्रेस अँड सेंड."

मिनिटात उत्तर आलं, सगळं मोठ्या अक्षरांत: "प्लीज डू नॉट टच एनीथिंग!!!"

हशूभाई खूश. "बघ, गिऱ्हाईक किती समजूतदार आहे. म्हणतो, तकलीफ मत लो!"

* * *

मग मर्लीनबाईंचा मेसेज आला, आणि आमच्या रविवारांचं सगळं गणितच बदललं.

झालं असं, की आमच्या मालात कोऱ्या लेबलच्या रेकॉर्ड पुष्कळ होत्या. गायकाचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. जमैकात पूर्वी गाणं घाईने बाजारात आणायला अशाच कोऱ्या लेबलवर काढायचे म्हणे. मी नेटवर तसं लिहिलं होतं. मर्लीनबाईंनी ते तिकडे, जमैकातल्या किंग्स्टनमध्ये वाचलं.

त्यांचे वडील आयुष्यात एकच गाणं गायले. त्याची रेकॉर्ड निघाली, तीही कोऱ्या लेबलची. घरात एक होती, ती वादळात छपराबरोबर गेली. पुढे वडीलही गेले. त्यांचे फोटो होते, चष्मा होता, आवाज कुठेच नव्हता. घरात म्हातारी आई. ती हल्ली रोज सकाळी विचारायची, "त्याचा आवाज कसा होता गं? मला आठवतच नाही." मर्लीनबाईंना आईच्या हयातीत तेवढा एकदा ऐकवायचा होता.

मी फोनवर विचारलं, "पण जमैकात नाही मिळणार का ती?"

त्या हसल्या. "इथे? इथला सगळा माल केव्हाच बाहेर गेला. इंग्लंडला गेला, जपानी लोक बॅगा भरून घेऊन गेले. आता आम्हीच आमची गाणी बाहेरून मागवतो."

त्यांनी चाल गुणगुणून पाठवली. ती ऐकून वंदनाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "म्हात्रेभाऊ, लावा सगळ्या. एकेक करून लावा."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी पोटमाळ्यावर व्हिडिओ कॉल. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ. मागे खुर्चीत त्यांची आई, हातात काठी, तोंडातून शब्द नाही. आम्ही कोऱ्या रेकॉर्ड लावायच्या आणि मर्लीनबाईंनी म्हणायचं, "हे ते नाही. पण बंद नका करू, छान आहे."

* * *

याच सुमाराला हशूभाईने आमच्या या पोटमाळ्यावरच्या दुकानाला बोर्ड करायला दिला. पेंटरला सांगितलं, "लिख, रेगे रेकॉर्ड मिळतील." पेंटर अस्सल मराठी माणूस. त्याला वाटलं, रेगे म्हणजे कुणी मोठे बुवा असणार, नुसतं 'रेगे' कसं लिहायचं? त्याने आदराने लिहिलं: "रेगेंच्या रेकॉर्ड मिळतील."

चार दिवसांनी एक वयस्कर गृहस्थ जिना चढून वर आले. बदलापूरचे गणिताचे निवृत्त सर. धापा टाकत म्हणाले, "नमस्कार. मी रेगे. आमच्यातले नक्की कोण गायचे?"

हशूभाईने एक रेकॉर्ड लावली. ढब्... ढब्... चॅक. सर डोळे मिटून, मान डोलावत पूर्ण ऐकत राहिले.

संपल्यावर डोळे उघडून म्हणाले, "नाही हो. इतका निवांत माणूस आमच्या घराण्यात होणं शक्य नाही!"

गेले नाहीत मात्र. पुढच्या रविवारी स्वतःची उशी घेऊन आले. सरांचा हात स्थिर, त्यामुळे सुई ठेवायचं काम आता त्यांच्याकडे.

* * *

एक जर्मनीचाही सांगतो. हशूभाईच्या घरात जुनी माणसं रेकॉर्डला तवा म्हणतात. कुरियरवाल्याने विचारलं, पार्सलमध्ये काय आहे? हा म्हणाला, "पुराना तवा है." कुरियरवाल्याने इंग्रजीत जे व्हायचं ते लिहिलं: स्वयंपाकाचं भांडं, वापरलेलं.

जर्मनीच्या कस्टमवाल्यांनी तिकडच्या गिऱ्हाइकाला बोलावून घेतलं. भांडं आहे म्हणता, मग यावर कसलं कोटिंग आहे? नॉनस्टिक आहे का?

त्या बिचाऱ्याला काय माहीत, प्रश्न भांड्याचा आहे! त्याने आमचं वर्णन नीट वाचलं होतं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही साहेब. दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी अडकते."

सोडली त्यांनी!

आणि जपानचा तर विचारूच नका. वंदनाताई रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्याने धुतात आणि कव्हरमध्ये कडुलिंबाची वाळलेली डहाळी ठेवतात, साड्यांत ठेवतात तशी. ओसाकाच्या गिऱ्हाइकाला एकदा चुकून बिनपाल्याची गेली. त्याची तक्रार आली: रेकॉर्ड उत्तम आहे, पण अपुरी आहे. पान कुठे? पुढे आम्हाला कळलं, त्याने आधीच्या रेकॉर्ड दुसऱ्याला विकताना लिहिलं होतं, "मूळ भारतीय पानासकट!"

* * *

रविवारमागून रविवार चालले होते. मर्लीनबाईंच्या वडिलांचा पत्ता नाही. त्यांची आई खुर्चीत आणखी खाली सरकायला लागली होती. एकदा तर आमच्याकडे बघून तिने मर्लीनबाईंना विचारलं, "हे लोक कोण?"

अशात एका सुट्टीच्या दिवशी मी हशूभाईकडे बसलो होतो. रेगे सरही होते. हशूभाई सहज म्हणाला, "म्हात्रे, कल मैंने खराब माल छाँट दिया. कोऱ्या लेबलचा. एक गोणी तुझ्या कंपनीच्या टेम्पोत टाकली, दळायला."

"खराब म्हणजे? चरे पडलेल्या?"

"नाही रे, एकदम साफ! पण गानेवालाच गायब. पूरा म्युझिक है, और आदमी बोलताच नाही. असला डिफेक्टिव्ह माल कोण घेणार?"

रेगे सर ताडकन उठले. "हशू! अरे गाढवा, ती मागची बाजू! हे लोक मागच्या बाजूला तेच गाणं गायकाचा आवाज वगळून छापतात. व्हर्जन म्हणतात त्याला. तू रेकॉर्ड उलटून पाहिलीस का?"

हशूभाईने उलटून पाहिली नव्हती. एकही नाही. लेबल कोरं, पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, त्याला कळणार कसं?

ग्राइंडर सकाळी आठला सुरू होतो. कंपनीत फोन लावला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. मी ओरडलो, "मेले का सगळे तिकडे?"

खालून वंदनाताई म्हणाल्या, "म्हात्रेभाऊ, आज वार कुठला?"

शुक्रवार! शुक्रवारी एमआयडीसीत लाइट बंद, कंपनीला सुट्टी. मी स्वतः शुक्रवारची सुट्टी घेऊन तिथे बसलो होतो, आणि माझ्याच ध्यानात नाही!

तरी आम्ही रिक्षा पकडून धावलोच. वॉचमनने गेट उघडलं. गोणी ग्राइंडरच्या तोंडाशी उभी होती. हशूभाईने तिला मिठीच मारली.

* * *

त्या रविवारी गोणीतल्या रेकॉर्ड लावायला घेतल्या. अर्ध्याहून जास्त झाल्या. "हे ते नाही. पण छान आहे."

मग एक आली, तिची दशाच बघवेना. गोण्या उचलायला हमाल लोखंडी आकडा वापरतात, तो नेमका हिच्या एका बाजूवर फिरला होता. रेगे सरांनी सुई ठेवली. दोन सूर वाजले आणि सुई उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली.

मर्लीनबाई उभ्या राहिल्या. "हीच! हीच चाल!"

सरांनी कपाळाचा घाम पुसला. किती जपून ठेवावी, सुई टिकेचना. ज्या बाजूला माणूस गायला होता, नेमकी तीच बाजू नांगरली गेली होती. हशूभाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गोणी त्यानेच पाठवली होती ना! मला त्याच्याकडे बघवेना.

मर्लीनबाई हळूच म्हणाल्या, "दुसरी बाजू लावा. तेवढी तरी ऐकू."

सरांनी उलटली. ढब्... ढब्... स्वच्छ, खणखणीत. गाणं होतं, फक्त माणूस नव्हता.

आणि मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबली. तसं करतात ते, गंमत म्हणून. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी खोकलं. चांगलं घसा खरवडून, भरदार. गायकाचा आवाज पुसताना तेवढा राहून गेला असावा. मग पुन्हा ढब्... ढब्.

"डॅडी!" मर्लीनबाई किंचाळल्या. "हे डॅडी आहेत!"

सरांनी सुई मागे घेतली. पुन्हा खोकला. मर्लीनबाई हसतायत की रडतायत, समजेना. मी तर उघड उघड रडत होतो. हशूभाई भिंतीपासून वळला आणि सरांना म्हणाला, "सर, फिर से लगाओ ना." पुन्हा खोकला.

वंदनाताईंना राहवेना. फोनपाशी तोंड नेऊन सरळ मराठीत म्हणाल्या, "अगं बाय, केवढा हा खोकला! कुणीतरी काढा करून द्यायचा ना त्यांना!"

"काय म्हणतायत त्या?" मर्लीनबाईंनी विचारलं.

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं.

तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. इतक्या रविवारांत आमच्याशी एक शब्द न बोललेली म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती.

"दिला होता!" ती कडाडली. "रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी माझ्या हाताने करून दिला होता. म्हणजे खिडकीबाहेर ओतला मेल्याने!"