माझ्या साळ्याची लांब नळी

नळी कशी सांभाळावी हे अख्ख्या जबलपुरात एकाच माणसाला कळतं, आणि तो माझा साळा आहे. माझ्या गेलेल्या बायकोचा धाकटा भाऊ. मी त्याची तारीफ करून राहिलो म्हणून ओळखीच्यांनी हसू नये, कारण आधी मीच त्याला चारचौघांत येडा म्हणत होतो. कारखान्यात फिटर, पोट सुटलेलं, डोक्यावर केस नाहीत, आणि सुटी मिळाली की पाठीवर हवेचं सिलेंडर बांधून बर्गीच्या धरणात उतरणार. लग्नाच्या वयात हा गडी समुद्रावर जाऊन बुडी मारायला शिकला. लग्न काहून नाही केलं विचारलं, तर म्हणे, "खाली कोणी बोलत नाही, भाऊजी." आता नर्मदेत कोणी बुडालं की घाटावरचे लोक आधी त्याला बोलावतात.

बुडी मारणाऱ्या लोकांच्या सिलेंडरपासून तोंडापर्यंत श्वासाची नळी येते. इतरांची जेमतेम हातभर, याची सात फूट. काहून, तर खाली जोडीदाराची हवा संपली तर आपल्या तोंडातलीच काढून त्याला द्यायची, आणि दोघांना मागंपुढं पोहत निघता आलं पाहिजे. स्वतःसाठी दुसरी आखूड नळी रबराच्या माळेत हनुवटीखाली लटकलेली असते. पण सात फूट नळी मोकळी सोडली तर बुडालेल्या झाडात नाही तर मासेमारीच्या जाळ्यात अडकणारच. म्हणून ती उजव्या बाजूनं खाली, कमरेच्या पट्ट्यात खोचून, छातीवरून तिरपी वर, मानेमागून फिरवून तोंडात. जानवं आणि मफलर एकदमच घातल्यासारखा दिसतो. तिच्यावर दुसरं काही चढवायचं नाही, पट्टा नाही की वायर नाही. मान खाली घातली की नळी सरसर सुटून आली पाहिजे. नळीला अडकवायची कडी लावायची तीसुद्धा दोऱ्यानं बांधून, म्हणजे फसलीच तर सुरीनं कापता येते. पाण्यात उतरण्याआधी काठावर पुरी नळी ताणून पाहिल्याशिवाय तो पाय भिजवत नाही. एकदा सोबतचा माणूस वैतागून म्हणाला, "दादा, कल तो देखी थी!" हा म्हणाला, "कल की साँस आज लेगा क्या?"

आता हे पाण्यात ठीक. पण हा माणूस सुक्यातही तसाच. कोणाच्याही घरी गेला की पाणी पिण्याआधी कूलरचा पाइप पाहणार, मोबाइलच्या वायरीची गुंडाळी सोडून पुन्हा घालणार. सराफा बाजारातल्या एका लग्नात नवरानवरीच्या उपरण्याची गाठ पाहून भरमांडवात पुढं झाला. "ही गाठ ओढली तर सुटणार नाही," म्हणे. नवरीची आई म्हणाली, "सुटू नये म्हणूनच बांधली आहे, भैया! बसा तुम्ही." माझ्या बायकोनं तोंडावर पदर घेतला आणि मी जेवायच्या पंगतीत जाऊन बसलो.

मग बायकोची फुप्फुसं गेली. घरात प्राणवायूचं यंत्र आलं, नाकात नळी आली, आणि बाई पलंगाला लागली. एकदा उठायला गेली तर नळी पलंगाच्या पायात अडकून नाकातून निघाली, म्हणून मी तिला उठूच देईना. तिचं एकच म्हणणं होतं : रोज सकाळी पनागरचा भाजीवाला फाटकाशी येतो, त्याच्याकडून मटर मी निवडून घेणार. माझे आणलेले मटर तिला पसंत नव्हते. "मी काय शेळी आहे, खुंट्याला बांधून ठेवायला?" असं तिनं मला भावासमोर विचारलं.

 दुसऱ्या दिवशी साळा लांब नळीचं भेंडोळं घेऊन आला. भिंतीवर कड्या, कड्यांना दोरे, आणि नळी त्यातून अशी नेली की ती चालेल तशी सुटत जावी, पायात एक वेटोळं येऊ नये. पाठीवरून कमरेशी खोचून वर कानामागं. आधी माझ्यावर तालीम. लुंगीत, नाकात नळी घालून मी फाटकापर्यंत गेलो. शेजारीण म्हणाली, "चाचाजी को भी लग गई?" तालीम तीनदा झाली. साळ्यानं स्वतःच्या गळ्यात एक दुसरी नळी आणि खांद्याला प्राणवायूचं छोटं सिलेंडर अडकवलं. मी म्हटलं, "बे, हे काहून?" म्हणाला, "असू द्या."

मग ती निघाली. दार, ओसरी, अंगण, फाटक. टोपलीत हात घातला, गोट्यांसारखे टणक मटर दाबून पाहिले आणि भाजीवाल्याला म्हणाली, "भैया, ये मटर है कि कंचे?" आणि भाव करायला म्हणून सवयीनं पदर ओढून कमरेला खोचला. खोचला तो नेमका नळीवर! दबलेली नळी ताणली गेली आणि नाकातून निघून आली. मी ती उचलायला वाकलो. पण साळ्यानं तोवर गळ्यातली नळी तिच्या नाकाला लावलीसुद्धा होती. तिचा श्वास चुकला नाही, भावही थांबला नाही. "पहले वाले दिखाओ, नीचे के," चालूच. घरात आल्यावर तिनं सांगितलं, "मटर चांगले आहेत." साळा कपाळावर हात मारून बसला होता. "ताई, पदर मी हिशेबात धरलाच नव्हता. चूक माझी." मी म्हटलं, चुकला कुठं बे तू! असा माणूस माझ्या बायकोचा भाऊ आहे, हे मी त्या दिवशी भाजीवाल्यालाही सांगितलं. तेव्हापासून आधी पदर खोचायचा, वरून नळी. हिवाळाभर ती फाटकाशी गेली. शेवटच्या आजारात दवाखान्यात न्यायच्या दिवशीसुद्धा सकाळी जाऊन आली.

ती गेल्यावर तिचा मोबाइल मी बंद केला नाही. एक दिवस तो वाजला. उचलला. साळ्याचा आवाज आला, "भाऊजी... पाण्यात जाऊन राहिलो." पाण्यात उतरण्याआधी तो दरवेळी ताईला फोन करत होता, हे मला आता कळलं. मी म्हटलं, "नळी पुरती ओढून पाहिली काय?"

"पाहिली."

"मग जा. वर आला की सांग."

तेव्हापासून तो त्याच नंबरवर फोन करतो. तो वर येईपर्यंत मी चहा मांडत नाही.