खाडीच्या काठी भरीत

समुद्रकाठानं चार दिवस चालत दीपगृहापर्यंत जायचं, अशी आमच्या जळगावच्या कॉलेजची सहल निघाली, तेव्हा माझं शेवटचं वर्ष होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. परीक्षा झाली की लग्न, हे ठरलेलं होतं. त्याआधी एवढं एक मला हवं होतं. घरी महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा वडील, म्हणजे आमचे नाना, "जाय" म्हणाले. पण लगेच पुढे, "मी बी येस."

एरंडोलजवळच्या आमच्या गावाबाहेर नाना फारसे गेलेले नव्हते. समुद्र तर त्यांनी पाहिलाच नव्हता. तयारी मात्र अशी, की तिकडे माणसं जेवतच नसावीत. पिशवीभर हिरवी वांगी, लसूण, मिरच्या, आणि वांगी भाजायला चक्क कपाशीच्या काड्यांची मोळी.

"नाना, तठे बी लाकडं भेटतीन," मी म्हणाले.

"काड्यासनी चव लाकडासले येस का?"

झालं. एसटीत, रेल्वेत, पुन्हा एसटीत ती मोळी आमच्याबरोबर. मैत्रिणी तोंडावर ओढणी धरून हसायच्या.

चालणं सुरू झालं आणि माझा पारा चढत गेला. वाळूत चपला रुतल्या की नाना थांबत. नारळाच्या बागेला पाणी कुठून देतात हे विचारायला थांबत. मैत्रिणी सरांबरोबर पार पुढे, आणि सगळ्यात मागे मी, मोळीच्या मागे. एकदाच मिळालेले दिवस, आणि ते मी नानांच्या पाठीकडे बघत घालवत होते. नुसती चिडचिड.

तिसऱ्या दिवशी खाडी आडवी आली. पलीकडे लांबवर दीपगृह दिसत होतं. पाणी गुडघाभर. "आत्ताच उतरा, थांबू नका," असं म्हणून सर मुलींना घेऊन पाण्यात शिरले. नानांनी मात्र मोळी खाली टाकली.

आमच्या नाल्याला पूर आला की माणसं काठावर बसतात. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवतात आणि गप्पा मारतात. पाणी दगड सोडून खाली गेलं, की मग उतरतात. इथेही काठ वरपर्यंत ओला होता. म्हणजे पाणी उतरतंय, असं नानांनी ठरवून टाकलं.

"आते घोटाभर व्हई जाई. तोवर आपन जेवी लिऊत."

"नाना, सर बलाई राहिनात!"

"घाई काय शे?"

त्यांनी दगड ठेवला, काड्या पेटवल्या. वांगी भाजून होईपर्यंत दगड बुडाला. नानांनी दुसरा जरा वर ठेवला. तोही गेला. भरती लागली होती, आणि नाना स्वच्छ निळ्या आभाळाकडे बघत म्हणाले, "वर कोठेतरी पानी पडनं दिखस."

पलीकडून सर हातवारे करून ओरडत होते, मागे फिरा, रस्त्यानं घरी जा. पुन्हा ओहोटी यायची ती रात्री, आणि अंधारात खाडी उतरायची नाही हे त्यांनी आधीच बजावलं होतं. सकाळी सगळे पुढे निघून जाणार होते.

"तुमनामुये बठ्ठं गयं, नाना!" मी किंचाळलेच. सगळंच हातचं गेलं होतं.

नाना तिसरा दगड हातात धरून उभे होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले जानं व्हई ते जाय. मी आठे बठस."

पाणी कमरेएवढं असेल. मला पोहता येत होतं, त्यांना नाही. चपला हातात घेऊन मी पाण्यात शिरलेसुद्धा. मागे वळून पाहिलं तर नाना खाली बसले होते, दगड अजून मांडीवर. परतीची गाडी कुठून सुटते हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिकडची बोलीही त्यांना नीट कळत नव्हती.

मी बाहेर आले. आम्ही भरीत खाल्लं. ते इतकं चवदार झालं होतं की त्याचाही राग आला.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पुढे समुद्र पाहिला, पण मुलं आणि डबे सांभाळत, गाडीतून उतरून तासाभरापुरता. दीपगृहापर्यंत चालत जाणं काही झालं नाही. नानांनी हात धरून अडवलं असतं, तर निदान त्यांच्यावर मनसोक्त रागावता आलं असतं. पण ते "जाय" म्हणाले होते.