मंत्र्यांच्या उत्तरातला नळ

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मी गोंदियाच्या शाळेत मास्तर. नवेगाव बांधच्या तलावातले मासे टोपल्यात घेऊन ती रोज गाडीत माझ्याच डब्यात बसायची. गोंदियापर्यंत टोपल्यावरचं फडकं ओलं ठेवायला ती घरून पाण्याची घागर आणायची. वाटेतल्या स्टेशनावर नळ होता, पण कोरडा. तरी गाडी थांबली की ती उतरायची, नळ फिरवून बघायची आणि परत घट्ट बंद करून यायची.

आमच्या खासदारांनी लोकसभेत त्याच नळाबद्दल प्रश्न विचारला. मंत्र्यांचं उत्तर मीच तिला पेपरातून वाचून दाखवलं : त्या स्टेशनावर पिण्याच्या पाण्याची सोय आहे. उत्तर ऐकून खासदार खाली बसले होते. नळ फिरवून बघायला ना मंत्री आले, ना ते.

ती मात्र हरखली. मास्तरांनी वाचलं, म्हणजे खरंच असणार. दुसऱ्या दिवशी तिने घागर आणलीच नाही.

वैशाखातलं ऊन होतं. नळ तसाच कोरडा. गोंदिया येईतो टोपल्यातून घाण सुटली. तिने एक मासा उचलून माझ्यापुढे धरला.

"मास्तर, ज्यानं पाणी हाये म्हणून सांगतलं, त्याले हा वास काऊन नाही येऊन राहिला?"

लोकसभेत त्या उत्तरावर एकही उपप्रश्न आला नव्हता. तो इथे, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आला. आणि आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून हसलो.