सुईणीचं वाक्य

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींइतका बारकाईने सिनेमा बघणारा, आणि शेजाऱ्याला तो अजिबात बघू न देणारा माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाईंचं लक्ष नायकाकडे कधी नसायचंच. त्या बघत पडद्याचा मागचा कोपरा. एका ऐतिहासिक चित्रपटात राजाची मसलत रंगली होती, थिएटर चिडीचूप, आणि मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एवढ्या फौजेच्या भाकरी कोण थापून राहिलं गा?" पुढचा माणूस वळून म्हणाला, "मावशी, पिक्चर पाहू द्या ना." "मीही तेच पाहून राहिली. बाया दिसूनच नाही राहिल्या!" घरच्या कार्यातही तीच तऱ्हा. आमच्या मुलीच्या बारशाच्या फोटोत ऐन मधोमध भांडी घासायला आलेल्या बाई ओल्या हातांनी हसत उभ्या आहेत, कारण मावशींनी त्यांना ओढून आणलं. त्यापायी माझ्या आत्याचा अर्धा चेहरा कापला गेला आणि ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

अशा बाईंना सिनेमातच काम मिळालं. मालगुजाराच्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदाराच्या, घराण्यावरची एक जुनी कादंबरी, तिच्यावर चित्रपट निघत होता आणि शूटिंग नागपूरजवळच होतं. कादंबरीत एक सुईण आहे, तीच मावशींना करायची होती. ती मालगुजाराच्या सुनेचं बाळंतपण करते, आणि तिचा विटाळ झाला म्हणून मालक घर धुवायला काढतो, तेव्हा त्याच्या तोंडावर म्हणते, "मालक, तुमचा नातू पयले माह्या हातात आला. आता त्याले कितीक धुता?" मावशींची सख्खी आजी खेड्यात हेच काम करायची, मागच्या दाराने जायची आणि मुकाट परतायची. हे वाक्य एकदा तिच्यासाठी मोठ्याने म्हणायचं, एवढीच मावशींची हौस. तालीम दूधवाल्यावर झाली, भाजीवाल्यावर झाली. लिफ्टमध्ये माझ्यावर झाली, तेव्हा तळमजला येईपर्यंत मी खरोखरच मालगुजारासारखा खाली मान घालून उभा होतो.

सेटवर मीही सोबत गेलो होतो. तिथे आधी त्यांच्या सावळ्या चेहऱ्यावर काळा रंग फासला. "सुईण आहे ना," मेकअपवाला म्हणाला. "माही आजी सुईणच होती, अन् माह्यापेक्षा गोरी होती," मावशी म्हणाल्या. रंग काही निघाला नाही. मग दिग्दर्शक गोड आवाजात समजावू लागले, की ते वाक्य मालकाच्या सुधारक मुलाला दिलंय, त्याने नायक उठून दिसतो. मावशींनी फक्त डोळ्यांतून बोलायचं. "डोळ्यानंच बोलायचं होतं तं आम्ही शाळा काहून शिकलो?" यावर सगळे कौतुकाने हसले. हसण्यावारी नेणं त्या लोकांना फार छान जमतं. मावशी उठून आल्या असत्या तर मला आनंद झाला असता, पण त्या थांबल्या. मला म्हणाल्या, "मी गेली तं एखाद्या गोऱ्या पोरीचे हात रंगवतीन. हात तरी खरे राहू दे गा."

पोस्टरवर लिहिलं होतं, 'तिची गोष्ट'. दिग्दर्शकांनी मुलाखतींतून सांगितलं, की त्यांनी बाईला केंद्रस्थानी आणलंय. आम्ही सगळे बघायला गेलो. केंद्रस्थानी नायक होता. त्याने शुद्ध पुणेरी मराठीत, 'माह्या हातात'चं 'तिच्या हातात' करून, ते वाक्य बापाला सुनावलं आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी मावशीही टाळ्या वाजवत होत्या. "वाक्य चांगलंच आहे ना गा," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मला ठीक वाटला नाही.

बाहेर पार्किंगमध्ये कॉलेजातली एक मुलगी धावत आली. "ते बाळ घेणाऱ्या तुम्हीच ना? तुम्हाले एकही डायलॉग नव्हता?"

"होता ना वं," मावशी म्हणाल्या, आणि तिचा हात धरून तिला ते वाक्य म्हणून दाखवलं. सगळ्या तालमींपेक्षा हळू, जवळजवळ कुजबुजत. टाळी वाजवायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही. आमच्यामुळे अडकलेला एक गाडीवाला तेवढा हॉर्न वाजवत होता.