चार्जरची करकर शोधणारे नाना

गाड्यांचं वायरिंग करणारे पिंप्राळ्याचे नाना बिघडलेल्या गाडीपाशी आले की आधी सगळ्यांना गप्प करत. मग बॉनेटवर तळहात टेकून डोळे मिटत. हातात पाना नाही, टेस्टर नाही. दोन-तीन मिनिटं असा माणूस पाहिला की नवख्याला वाटे, याला काही येत नसावं. मलाही वाटलं होतं.

मी तेव्हा फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर नर्स होते. गाडीत दोन बॅटऱ्या होत्या, एक इंजिनची आणि दुसरी ईसीजीच्या यंत्राची व औषधांच्या फ्रीजची. इंजिन चालू असताना मधला चार्जर दुसरी बॅटरी भरत राही. काही महिन्यांपासून ईसीजीची रेघ बिघडली होती. इंजिन चालू केलं की कागदावर नुसतं गवत उगवल्यासारखं दिसे. धावत्या गाडीत पेशंट असला की रस्त्याच्या कडेला थांबून, इंजिन बंद करून ईसीजी काढावा लागे. यंत्र बदलून झालं, इंजिनवर वीज बनवणारा अल्टरनेटर बदलून झाला, गवत तसंच. शेवटी नानांना बोलावलं.

नानांनी खिशातून छोटा रेडिओ काढला. त्यावर कुठलंच स्टेशन लावलं नाही. इंजिन सुरू करायला सांगितलं, तशी रेडिओत करकर सुरू झाली. मग एकेक गोष्ट बंद करत गेले. पंखा, दिवे, फ्रीज. करकर चालूच. चार्जरचा फ्यूज काढला आणि रेडिओ एकदम शांत झाला.

आमचा ड्रायव्हर म्हणाला, चार्जर फेकूनच देऊ. नानांनी नकारार्थी मान हलवली.

"त्याचा दोष नाही. त्याला परतीची वाट नीट दिलेली नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या तारांत शिरतो."

चार्जरची अर्थिंगची, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून परत नेणारी वायर पत्र्याच्या रंगावरच बोल्टने आवळलेली निघाली. नानांनी रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि वायर पुन्हा आवळली. करकर निम्मी झाली. आम्हाला तेवढ्यानेच आनंद झाला, पण नाना तसेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून हजर. त्यांनी गाडीच्या फरशीवरचं रबर उचकटलं. खाली चार्जरच्या आणि यंत्राच्या वायरी एकाच जुडग्यात बांधलेल्या होत्या. चार्जरच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन त्यांनी गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्या. दुपार झाली. पत्रा इतका तापला होता की हात लावता येत नव्हता, आणि नाना त्यावर पालथे पडून काम करत होते.

मग स्वतःच स्ट्रेचरवर आडवे झाले. छातीला वायरी लावायला सांगून ड्रायव्हरला म्हणाले, मेहरूण तलावाला चक्कर मार. धावत्या गाडीत कागद बाहेर येऊ लागला आणि मी बघतच राहिले. रेघ स्वच्छ होती. प्रत्येक ठोका वेगळा, टोकदार. नानांनी कागद हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिला.

"गाडी बोलस. फक्त आयकनं पडस," एवढंच म्हणाले.

महिनाभराने अमळनेरकडच्या एका खेड्यातून एका अक्कांना घेऊन निघालो. छातीत जळजळतंय, पित्त असेल, असं त्या सांगत होत्या. न थांबता ईसीजी काढला. हार्ट अटॅकच होता, रेघेत स्पष्ट दिसत होता. सोबतच्या डॉक्टरांनी गाडीतूनच मोठ्या दवाखान्यात फोन केला. पोचलो तेव्हा तिथले लोक तयार होते. अक्का वाचल्या. मी नानांना हे सांगायला गेले तर त्यांनी अक्कांची मुलं काय करतात ते विचारलं आणि चहा मागवला.

गेल्या उन्हाळ्यात नाना धुळ्याला मुलाकडे गेले होते. तिथेच ते वारले. आम्हाला आठ दिवसांनी कळलं.

त्यानंतर अक्कांच्या गावी आमची फेरी होती. त्या ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांना मी नानांबद्दल, त्या दोन दिवसांच्या कामाबद्दल सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"मी त्यानं तोंडबी नही देखं," त्या म्हणाल्या.

फोटो माझ्याकडेही नव्हता. मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले आणि नाना कसे दिसायचे ते सांगू लागले.